गॅलरीतलं गवत

"सगळं गवत काढलं बघ," गोपाळकृष्णराव गॅलरीतून म्हणाले. "कुंड्या आणून ठेवायच्या आणि रान माजवायचं. तुझं नेहमीचंच."

त्यांची बायको सुनीती भाजीची पिशवी घेऊन नुकतीच जिना चढून आली होती. फरशीवर हिरव्या पात्यांचा ढीग पडला होता.

ते गवत नव्हतं. ती पामची रोपं होती. पाम बीमधून वर येतो तेव्हा अगदी गवताच्या पात्यासारखा दिसतो. भल्याभल्यांची फसगत होते, आणि हे तर गोपाळकृष्णराव!

खालच्या मजल्यावर राहणाऱ्या मैत्रीच्या बुटक्या पामला फळं धरली, ती सुनीतीने मागून आणली होती. गर काढून बिया भिजवल्या, ओल्या कोकोपीटात, म्हणजे काथ्याच्या भुशात घालून पिशवी उबेसाठी फ्रिजवर ठेवली. दोनदा बुरशी आली. तिसऱ्यांदा पांढरे मोड फुटले आणि कित्येक महिन्यांनी पाती वर आली. लेक स्पृहाने शहराबाहेर मांजरी गावात घर घेतलं होतं. बाप आईवर हात उचलतो म्हणून ती इथे पाऊल टाकत नव्हती. "पहिलं रोप तुझ्या दारात, मी स्वतः घेऊन येणार," असं सुनीतीने तिला फोनवर सांगून ठेवलं होतं. नुसतंच उठून जायचं धाडस तिच्यात नव्हतं. जायला निमित्त हवं होतं, ते या कुंड्यांत वाढत होतं.

काल जेवताना आमटी खारट झाली म्हणून गोपाळकृष्णरावांनी तिचं तोंड ताटावर आपटलं होतं. ओठ अजून सुजलेला होता. मारलं की दुसऱ्या दिवशी ते न सांगता घरातलं एखादं काम करत. पंखे पुसत, नाहीतर माळा आवरत. माफी काही तोंडातून निघायची नाही. आज त्यांनी गवत काढलं होतं.

"अहो, पाम होते ते."

"मग पाटी लावायची. नर्सरीत ढिगाने मिळतात, आण जा."

सुनीतीने खाली पडलेलं खुरपं उचललं. पहिला घाव त्यांच्या मनगटावर बसला. रक्ताची धार तिच्या साडीवर उडाली. दुसरा खांद्यावर बसला. एक कुंडी फुटली. तिसऱ्यासाठी हात वर गेला तसे गोपाळकृष्णराव कोपऱ्यात उकिडवे बसले, मान आत ओढली आणि दोन्ही हात डोक्यावर धरले.

"नको, नको गं!"

हे तिचे शब्द होते. ते बसणंही तिचंच. मार खाणारं माणूस वरून असं दिसतं, हे तिला आज कळलं. म्हणजे त्यांना हे सगळी वर्षं दिसत होतं. दिसत होतं आणि तरी हात थांबत नव्हता. तिला त्यांची कीव आली नाही, ओकारी आली.

तिने खुरपं टाकलं, दोरीवरचा पंचा त्यांच्या अंगावर फेकला. "दाबून धरा."

"कुठे निघालीस?"

"स्पृहाकडे."

"अगं, आणि मी?"

सुनीतीने चपला घातल्या. हातात पर्ससुद्धा नव्हती. आवाज ऐकून मैत्री जिन्यात आली होती. तिने साडीवरचे डाग पाहिले.

"काकू, पुन्हा? आज तर किती रक्त आलंय!"

"माझं नाही," सुनीती म्हणाली. "त्यांना जरा डॉक्टरकडे घेऊन जा. मला मांजरीला जायचंय."