मुखियानं लावलेला शेवगा

मला जुना म्हणायचं तर खुशाल म्हणा, पण बिचारा म्हणू नका. मी शेवगा आहे. मलावी देशाच्या दक्षिण भागात, शिरे नदीच्या काठच्या एका गावात, एस्नाटच्या स्वयंपाकाच्या झोपडीमागे उभा आहे. मला कीव सहन होत नाही, आणि समारंभ तर त्याहून नाही.

मित्रांनो, माझी सुरुवात समारंभानंच झाली. शहरातून एका संस्थेची गाडी आली. तिच्यात रोपं होती, रंगवलेला फलक होता आणि पाहुणे होते. 'पोषणाची झाडं, सुदृढ बाळं' असं त्या फलकावर लिहिलं होतं. बायकांना गाणं म्हणायला उभं केलं. मुखिया चिवांबो कोट घालून आला. त्या उन्हात कोट! मेलेला उंदीर उचलावा तसं त्यानं मला दोन बोटांनी धरलं, खड्ड्यात ठेवलं आणि फोटो निघेपर्यंत माझ्याकडे न बघता हसत राहिला. गाडी धुरळा उडवत निघून गेली. त्यानंतर पाण्याचा थेंब घालायला त्यातलं एकही माणूस फिरकलं नाही. बाकीची रोपं शेळ्यांनी खाल्ली. शेळ्यांना मी नावं ठेवत नाही. आमची पानं खायची असतात, एवढं तरी त्यांना कळलं होतं.

मी जगलो तो एस्नाटच्या भांडी घासण्याच्या पाण्यावर. एस्नाट ही मुखियाची सख्खी भाची. आमच्याकडे घर आईच्या बाजूनं चालतं आणि मामाचा शब्द बापाच्या वर असतो. तिचा नवरा दूर दक्षिणेला खाणीत कामाला गेलेला. घरात ती, तिची म्हातारी आई नाफिरी आणि यांखो नावाची चिमुरडी पोर.

मी भराभर वाढून छपराच्या वर गेलो. एकदा एस्नाटनं माझी पानं शेंगदाण्याच्या कुटात शिजवली आणि मामापुढे मक्याच्या पिठाच्या घट्ट न्सिमाबरोबर ठेवली. चिवांबोनं ताट सरकवलं.

"हे काय गं? मी मुखिया आहे की बोकड?"

"मामा, चव तर घ्या."

"पाला दुष्काळात खातात. माझ्या भाचीच्या चुलीवर पाला शिजतो हे लोकांना कळलं, तर माझं नाक राहील का?"

त्याचं नाक! गावात त्याच्याएवढी निरुपयोगी वस्तू दुसरी नव्हती, आणि सगळे जपायचे तेच. एस्नाट भिडस्त. तिनं माझी पानं तोडणं सोडलं.

मग पावसाळ्यातले ते महिने आले, जेव्हा जुना मका संपलेला असतो आणि नवा अजून कणसात भरलेला नसतो. यांखोला दोन्ही वेळा पातळ पेज. बाकी काही नाही. आधी तिचं हसणं गेलं. मग केस तांबूस झाले. मग पाय सुजले, इतके की बोट दाबलं तर खळगा तसाच राही. माझी फांदी तिच्या डोक्यावर हिरवीगार डोलत होती.

गावात कुजबुज सुरू झाली. नवरा दूर असताना बायको वाईट वागली की तिचं लेकरू सुजतं, अशी आमच्याकडे समजूत आहे. मुखियानं माझ्याच सावलीत बैठक बोलावली.

"एस्नाट, त्याचं नाव सांग."

"कुणाचं, मामा?"

"उगाच भोळी बनू नकोस. पोर आपोआप सुजत नसते."

एस्नाटच्या मांडीवर यांखो निपचित पडलेली. जमलेले बाप्ये गंभीरपणे माना हलवत होते. मित्रांनो, त्या माना मी वरून बघितल्या आहेत. वाऱ्यानं माझ्या शेंगा हलतात, त्यातसुद्धा जास्त विचार असतो.

तेव्हा म्हातारी नाफिरी काठी टेकत उठली. भावापुढे तिनं आजवर आवाज चढवला नव्हता.

"बास झालं, चिवांबो. लहानपणी तूसुद्धा असाच सुजला होतास. तेव्हा आपल्या आईला कुणाचं नाव विचारायचं होतं?"

मुखियानं खोकून बघितलं. एस्नाटनं पोरीला पाठीशी बांधलं आणि सगळ्यांच्या देखत दवाखान्याची वाट धरली.

तिथं काय झालं ते तिनं नंतर आईला माझ्याखाली बसून सांगितलं. नर्स म्हणाली होती, "ही सूज भुकेची आहे, बाई. तुझ्या पापाची नाही."

"पण पेज देत होते की, सिस्टर."

"नुसत्या पेजेनं पोट भरतं, अंग नाही भरत. अंडं, मासळी, दाणे, हिरवा पाला, यातलं घरात काय आहे?"

"पाला आहे," असं म्हणून एस्नाट रडायला लागली. "दारातच आहे."

यांखोला वाचवलं ते दवाखान्यानं. माझ्या पानांनी सगळे रोग पळतात असं सांगत फिरणारे लोक असतात. त्यांना मी कोटवाल्यांच्याच पंगतीला बसवतो. माझं काम नंतर सुरू झालं. एस्नाट सावलीत पानं वाळवायची, उखळात कुटायची आणि दाण्याच्या कुटाबरोबर पेजेत घालायची. एके सकाळी यांखो माझं खोड धरून उभी राहिली आणि पान ओढून तिनं तोंडात घातलं. मग शेजारणीही टोपल्या घेऊन येऊ लागल्या.

एवढ्यात ती संस्था पुन्हा झाडं लावायला येणार असं कळलं. मुखियाला मांडव हवा होता. मांडवाला खांब हवे होते. तो कुऱ्हाडवाल्याला घेऊन आला.

"मामा, हे तुम्हीच लावलेलं झाड आहे," एस्नाट म्हणाली.

"म्हणूनच तोडतोय. माझंच आहे."

झाडं लावण्याच्या समारंभासाठी झाड तोडायचं, हे माणसालाच सुचावं! शेळीची बुद्धी एवढी घसरत नाही. मला कमरेपासून तोडलं. पाहुणे माझ्या फांद्यांखाली बसले, सरबत प्याले, गेले. नवी रोपं शेळ्यांच्या पोटात गेली.

पण शेवग्याची फांदी ओल्या मातीत रोवली की ती जगते, हे मुखियाला माहीत नव्हतं. पाऊस पडला आणि त्याच्या मांडवाच्या खांबांना पालवी फुटली. एस्नाटनं ती पाहिली, बायकांना हाका मारल्या आणि सगळ्याजणी मिळून मांडव उपटायला लागल्या. चिवांबो धावत आला.

"अगं, हा माझा मान आहे!"

"मान तुमच्याकडेच ठेवा, मामा. आम्ही फक्त खांब नेतोय."

त्यांनी खांबांचे तुकडे केले आणि घरोघरी चुलीमागे रोवले. काही वाळले, बरेच जगले. माझ्या खोडालाही कोंब फुटले.

पुढच्या टंचाईत चिवांबो स्वतः एस्नाटच्या दारात आला. त्याच्या धाकट्या बायकोचं बाळ अशक्त झालं होतं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "थोडी पानं मिळतील का?" मी असतो तर दिली नसती. माझं मन तेवढं मोठं नाही. एस्नाटनं मात्र कोवळी कोवळी निवडून ओंजळभर दिली आणि म्हणाली, "आज दवाखान्यात नेऊन दाखवा. आणि उद्यापासून रोज या."

मित्रांनो, मला फलक लावू नका, हार घालू नका. मला खुडा. न खुडलेला शेवगा उगाच उंच जातो, आणि तिथवर कुठल्याच लेकराचा हात पोचत नाही.