खांद्यावर पेलेल अशी सायकल

फुलाबाई बाळंतपणात गेली त्या दिवशी कस्तुराबाई ओढ्याच्या काठावर सायकल टाकून पायी धावत गेली होती.

कस्तुराबाई लोकल बोर्डाची सुईण. राहायला सोलापुरात, पण काम सगळं शहराच्या दक्षिणेला पसरलेल्या धनगरवस्त्यांवर. ओढ्यापर्यंत गाडीवाट बरी होती, तिथवर सायकल पळायची. ओढ्यात मात्र नुसते धोंडे आणि पलीकडे उभी दरड. सायकल एवढी जड, की ती घेऊन दरड चढणं तिच्याच्यानं होत नसे. मग सायकल अलीकडे ठेवायची आणि पुढचे दोन कोस पायी तुडवायचे, असं वर्षभर चाललं होतं. त्या दिवशी ती पोचली तेव्हा फुलाबाईखालचं घोंगडं भिजून गेलं होतं आणि हात गार पडले होते. कुणी कस्तुराबाईला बोल लावला नाही. फुलाबाईच्या सासूनं उलट तिच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. तिला ते पाणी गिळवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती विजापूर वेशीजवळ मैनुद्दीनच्या दुकानात सायकल घेऊन उभी राहिली. मैनुद्दीन तिच्याच वयाचा, चाळिशीतला. सायकल त्याच्या चांगल्या ओळखीची होती. गिरणीतला एक गोरा इंजिनिअर विलायतेला परत जाताना ती विकून गेला, तेव्हा त्यानंच ती कस्तुराबाईला मिळवून दिली होती. गड्यांची सायकल, मधे आडवी दांडी असलेली. पण नऊवारीला कासोटा घातला की तिला दांडीची अडचण होत नसे.

"ही हलकी करून द्या," ती म्हणाली. "मला खांद्यावर घेऊन ओढा उतरायचाय आणि चढायचाय."

मैनुद्दीनला आधी ती थट्टा वाटली. मग त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि हातातला पाना खाली ठेवला. शेजारच्या अडत्याच्या काट्याला सायकल टांगून दोघांनी वजन बघितलं. अर्ध्या मणाच्या, म्हणजे वीस शेरांच्या वर भरली.

पहिल्या दिवशी नुसतं काढायचं काम झालं. स्टँड निघाला, मागचा लोखंडी कॅरिअर निघाला, मडगार्ड निघाले. चेनवरचं पत्र्याचं झाकण काढताना मैनुद्दीन अडला. लुगड्याचा सोगा चेनमध्ये गेला तर बाई तोंडावर आपटतील, असं त्याचं म्हणणं. कस्तुराबाईनं घोट्यापाशी लुगडं आवळून वर चामड्याचा पट्टा बांधला, दुकानासमोर दोन फेऱ्या मारून दाखवल्या, आणि झाकण निघालं. एवढं करूनही सायकल खांद्यावर घेतली की तिचे पाय लटपटत.

आता एकेक भाग बदलावा लागणार होता. मैनुद्दीननं मुंबईच्या व्यापाऱ्याकडून रेसच्या सायकलीच्या ॲल्युमिनियमच्या रिंगा मागवल्या आणि त्यांच्यावर बसतील असे अरुंद टायर. त्या रिंगांना जुना सळ्यांचा ब्रेक चालेना. तो काढून तारेचा बसवला, तेव्हा सळ्यांचंही वजन गेलं. स्प्रिंगांच्या रुंद सीटच्या जागी साधी चामड्याची सीट आली. रबरी पायडलं जाऊन पातळ पत्र्याची आली. प्रत्येक वेळी जुना भाग एका हातात आणि नवा दुसऱ्या हातात धरून कस्तुराबाई फरक अजमावायची, आणि फरक पुरेसा वाटला नाही तर तसं तोंडावर सांगायची. संध्याकाळी दुकानासमोरून जाणारे लोक थांबून बघत. बाईमाणूस एवढा आटापिटा कशाला करते, असं कुणीतरी मैनुद्दीनला विचारलं. तो म्हणाला, तिलाच विचारा. विचारायला कुणी पुढं आलं नाही.

मैनुद्दीनचा मेहुणा चांदसाब कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होता. चेन ज्याच्यावरून फिरते ते मोठं दातेरी चाक आणि पायडलच्या दोन्ही दांड्या मैनुद्दीननं त्याच्याकडे पाठवल्या. चांदसाबनं सुट्टीच्या वेळात त्यांना ओळीनं भोकं पाडून दिली. चाळणीसारखं दिसणारं ते चाक बघून कस्तुराबाई त्या सगळ्या कामात पहिल्यांदा हसली.

आठवड्याच्या आतच चढावर जोर दिला तशी उजव्या पायडलची दांडी भोकापाशी मोडली. कस्तुराबाई खडीवर पडली, गुडघा फुटला, तळहात सोलवटला. सायकल ढकलत ती दुकानात आली तेव्हा मैनुद्दीनचं तोंड उतरलं. सगळं होतं तसं करून देतो, म्हणाला. या खेळात तुमचा जीव गेला तर मी कुणाला तोंड दाखवू, असंही म्हणाला.

कस्तुराबाईनं बाकावर बसून गुडघ्यातले खडे स्वतःच काढले, जखम धुतली, पट्टी बांधली. मग म्हणाली, "मोडलं ते दांड्यांमुळं. दांड्या बिनभोकाच्या घाला. बाकीच्याला हात लावू नका."

"अन् तेवढं वजन परत वाढंल त्याचं काय?"

"ते मी माझ्या पिशवीतून काढते."

आणि तिनं काढलं. पिशवीतलं जाड काचेचं सामान गेलं, औषधं लहान बाटल्यांत आली. उकळलेल्या पाण्यासाठी ती लोखंडी तसराळं वागवायची. ते घरी राहिलं. पातेलं कुठल्याही घरात असतं, ते घासून उकळून घ्यायला तिनं वस्तीवरच्या बायकांना शिकवलं. पुन्हा काट्याला लावली तेव्हा सायकल तेरा शेर भरली. आडव्या दांडीला जुन्या चादरीची घडी गुंडाळून ती रोज सकाळी सायकल खांद्यावर घ्यायची आणि घराच्या पायऱ्या चढायची, उतरायची. खांद्यावर आधी वळ उठले, मग घट्टा पडला.

भाद्रपदात एका दुपारी ओढ्यापलीकडच्या वस्तीवरचा धुळाप्पा पळत आला. अंगाला चिखल, छाती लोहाराच्या भात्यासारखी चाललेली. त्याची बायको मायाक्का पहाटेपासून अडली होती. ओढ्याला पाणी होतं, पण पार होता येत होतं. कस्तुराबाईनं पिशवी पाठीला बांधली आणि त्याला मागून यायला सांगून निघाली.

ओढ्यावर ती पोचली तेव्हा पाणी मांड्यांपर्यंत होतं आणि गढूळ. धोंडे दिसत नव्हते. तिनं सायकल उजव्या खांद्यावर घेतली, डाव्या हातात काठी धरली, आणि एकेक पाय चाचपत टाकू लागली. मध्यावर पाण्यानं मागचं चाक ओढलं. सायकल फिरली तशी तीही फिरली, आणि क्षणभर फक्त काठीवर उभी राहिली. सायकल सोडली असती तर ती सहज पार झाली असती. तिनं सोडली नाही. दरडीवर निसरडं होतं. गुडघे टेकत ती वर आली, चाकातला गाळ बोटांनी काढला आणि पायडलवर पाय ठेवला.

मूल ती पोचायच्या आधीच झालं होतं. वार पडली नव्हती आणि रक्त थांबत नव्हतं. मायाक्काचे ओठ पांढरे पडले होते. तिची सासू बनाबाई दाराशी बसून नुसती मातीनं पोतारलेल्या भिंतीकडे बघत होती. कस्तुराबाईनं तिला उठवून पाणी उकळायला लावलं, हात धुतले आणि कामाला लागली. वार आली. मग तिनं मूल आईच्या छातीशी दिलं, रक्त थांबवायची सुई टोचली, आणि पोटावर मूठ दाबून गर्भाशय चोळत राहिली. हात भरून आले तरी ती थांबली नाही. हाताखाली ते घट्ट झाल्याचं कळलं, तरीही चोळत राहिली.

धुळाप्पा आला तेव्हा रक्त थांबलं होतं. तो दारातच उभा राहिला. आत यावं की नाही, हे त्याला कळत नव्हतं.

"वाचंल का, बाई?"

"वाचली," कस्तुराबाई म्हणाली. "तिला गूळपाणी करून द्या. आणि मलापण."

या वेळी तिनं तांब्या एका दमात रिकामा केला.

बाहेर शेरडं सायकलीची सीट चाटत होती. धुळाप्पानं त्यांना हाकललं आणि सायकल उचलून बाजूला ठेवायला गेला. ती एका हातानं वर आली तसा तो चकित झाला. खाली ठेवून त्यानं ती पुन्हा उचलून बघितली. मग बनाबाईला हाक मारून म्हणाला, "आये, बग की. लई हलकी हाय."

कस्तुराबाई रात्री तिथंच राहिली. दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर परत आली आणि घरी न जाता थेट विजापूर वेशीला गेली. मायाक्का वाचल्याचं तिनं मैनुद्दीनला सांगितलं. तो आकाशाकडं बघून काहीतरी पुटपुटला आणि त्यानं चहा मागवला. चहा होईतो तिनं ओढ्याच्या मधल्या धारेत काय झालं तेही सांगितलं. अजून थोडी हलकी असती तर तोल गेला नसता, म्हणाली.

मैनुद्दीननं सायकलीभोवती एक फेरी मारली. काढण्यासारखं, बदलण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

"बाई, आता बदलायचा निव्वळ सांगाडा राहिला," तो म्हणाला. "ह्याच्याहून हलका सांगाडा विलायतेतच भेटंल."

"मग तिकडं विचारा," कस्तुराबाई म्हणाली आणि बशीत चहा ओतून घेतला.