विरळणीच्या नावाखाली

मित्रांनो, मी एक जुना सुरू आहे, किनाऱ्यावरचं सुरूचं झाड. फार म्हातारा नाही. पण माझ्या बरोबरीचं कुणी उरलेलं नाही, म्हणून जुना म्हणायचं. एडवणच्या किनाऱ्यावर, समुद्र आणि नरहरीची वाडी यांच्यामध्ये वाळूची एक पट्टी आहे, तिथे मी उभा आहे. लांबून येणारे पाहुणे मला पाईन समजतात आणि माझ्यापुढे फोटो काढतात. त्यांची चूक मी दुरुस्त करू शकत नाही.

मला लावलं नरहरी आणि त्याची बायको आनंदी यांनी. तेव्हा त्यांचं लग्न नवं होतं. समुद्रावरचा खारा वारा थेट वाडीत शिरायचा. पानवेलीची पानं कडेने करपायची, केळीची पानं फाटून चिंध्या व्हायच्या. तो वारा अडावा म्हणून दोघांनी वाळूत आमची रोपं दाटीवाटीने लावली. आनंदी विहिरीवरून कळशी भरून आणायची आणि एकेकाच्या मुळाशी पाणी ओतायची. दाट लावलेली रोपं उजेडासाठी सरळ वर धावतात. आम्हीही धावलो.

काही वर्षांनी मात्र आमची फार गर्दी झाली. फांद्या एकमेकींना घासून वाळू लागल्या, मुळांना पाणी पुरेना. आम्ही नुसते उंच झालो, अंग कुणीच धरलं नाही. तेव्हा नरहरी चुन्याची बादली घेऊन आला. भातकापणी आटोपली की डोंगराकडून मजुरीला येणारे देवू आणि ठकी हे नवरा-बायकोही त्याच्यासोबत होते. नरहरी प्रत्येक झाडापाशी थांबायचा, मान वर करून शेंडा पाहायचा, खोडावर थाप मारायचा. सरळ आणि निरोगी झाडाला चुन्याचा पट्टा. वाकडं, रोगट किंवा दुसऱ्याच्या सावलीत खुरटलेलं झाड बिनपट्ट्याचं.

माझ्यापाशी तो घुटमळला, कारण मी वाडीच्या बाजूला जरा कललेला होतो.

"र्‍हाऊ द्या याला," आनंदी म्हणाली. "खोड चांगलं हाय."

नरहरीने मला पट्टा ओढला आणि देवूला बजावलं, "ज्याला पट्टा, त्याला हात नाय लावायचा. हा माझा शब्द."

बिनपट्ट्याची झाडं पडली तेव्हा मी मुळापर्यंत हादरलो. आता आपली पाळी, असंच वाटलं. पण पुढच्या वर्षी माझ्या खालच्या फांद्यांवर पहिल्यांदा ऊन आलं. माझं खोड भरू लागलं, मुळं पसरली. याला विरळणी म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. काढलेले वासे बोईसरच्या बांधकामांवर परांचीला गेले. त्या कमाईतून नरहरीने पंप बसवला आणि त्याच्यासाठी माझ्याच खाली कौलारू खोली बांधली. आमच्या आडोशाला पानवेल तरारली. वाणगावकडचे शेतकरी आमचं बन पाहायला आले, तेव्हा नरहरी त्यांना अभिमानाने सांगत होता, "काय पाडायचं ते मागाहून ठरवा. काय ठेवायचं ते आधी ठरवा."

मित्रांनो, मला याच वाक्याचं वाईट वाटतं. पुढे तो अडाणीपणाने वागला असता, तर मी त्याला माफ केलं असतं.

किनाऱ्यावर पर्यटक वाढले. नरहरीने घरावर माडी चढवली आणि पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या. पाहुणे खिडकी उघडायचे आणि विचारायचे, समुद्र कुठे आहे? समुद्राच्या आड आम्ही होतो. त्यातच सुजीत नावाचा लाकडाचा व्यापारी आला. तो आमच्या जाड बुंध्यांना हातांनी कव घालून पाहत फिरला. दोघांचं कशावर जमलं, ते मला ऐकू आलं नाही.

आनंदी तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला, हेमांगीकडे वाणगावला गेली होती. नरहरीने माझ्या सावलीत उभं राहून तिला फोन केला आणि विरळणी करायला काढल्याचं सांगितलं. तिने खुशीने होकार दिला आणि सूचनाही केल्या असाव्यात, कारण हा नुसतं हो हो म्हणत होता. आम्हीही निर्धास्त होतो. मागच्या ओळींत पुन्हा दाटी झाली होती, ती मोकळी होणार होती.

देवू आणि ठकी आले. सुजीतची माणसं यंत्राची करवत घेऊन आली. देवू सवयीने मागच्या एका खुरटलेल्या झाडाकडे वळला.

"ते नाय," नरहरी म्हणाला. "पुढची पाड. पट्ट्याची."

देवू थबकला. "शेट, पट्ट्याची तं ठेवायची व्हती ना?"

नरहरीने आमच्याकडे पाहिलं नाही. "ते तवाचं," तो म्हणाला.

देवू पुढच्या ओळीकडे वळला. पुढची ओळ आडवी झाली, मग तिच्या मागची. मी वाचलो तो कुणाच्या दयेने नाही. मी पंपाच्या खोलीवर कललेला होतो. मला पाडलं असतं, तर कौलं फुटली असती.

आनंदी परत आली आणि थेट वाळूकडे चालत आली. कापलेल्या बुंध्यांमधून ती बराच वेळ फिरली. नरहरी मागोमाग येऊन म्हणाला, की विरळणीच तर केली, तुला सांगूनच केली.

"विरळणी नाय ही," आनंदी म्हणाली. "चांगलं इकलंत आनि मरतुकडं माझ्या वाडीला राखण ठेवलंत. वर माझा होकारपण घेतलात."

तिचा आवाज चढलेला नव्हता.

पावसाळ्यातल्या वाऱ्याने मागची बारीक झाडं टिकू दिली नाहीत. ती कायम आमच्या आडोशाला वाढलेली; त्यांच्या मुळांनी वारा कधी सोसलाच नव्हता. केळी आडव्या झाल्या, पानवेल खाऱ्या वाऱ्याने काळी पडली. माडीवर वाळू उडू लागली. आता पाहुणे समुद्राकडची खिडकी लावूनच घेतात.

आनंदीने ठकीला हाताशी घेऊन नवी रोपं लावली आहेत. नरहरी पंपाचा पाइप ओढत आणून त्यांना पाणी घालतो. ती त्याला अडवत नाही आणि त्याच्याशी बोलतही नाही.

मित्रांनो, माझा राग कुऱ्हाडीवर नाही. वेळेवर केलेल्या विरळणीनेच मला हे अंग दिलं. बनाकडून कमाई जरूर करा, पण ज्याच्या जोरावर उरलेलं बन उभं आहे, ते झाड विकू नका. आणि विकायचंच असेल, तर त्याला विरळणी म्हणू नका.

संध्याकाळी वारा सुटला की नरहरी माझ्या बुंध्याला पाठ टेकून बसतो. मी वारा अडवतो. त्यातून त्याला एकट्याला वगळणं मला जमत नाही.