उरलेली गोळी

लेकीने शेवटचा बोल्ट सोडवला आणि गिअरबॉक्सच्या तळातलं काळंकुट्ट तेल ट्रेमध्ये ओघळलं. म्हातारा मेकॅनिक दोन पावलं मागे सरकला. खिशातली काड्यापेटी त्याने मुठीत घट्ट धरली होती.

ही गाडी ओळखायला त्याला नंबर बघावा लागला नव्हता. अकरा वर्षांपूर्वी हाच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स त्याने खोलून साफ केला होता, आणि गाडी गेल्यावर टेबल पुसताना पोलादाची एक बारकी गोळी हाती लागली होती. अशा गोळ्या तेलाच्या दाबाने वाटा उघडतात, बंद करतात, तेव्हा कुठे गिअर आपसूक बदलतो. एक कमी पडली, तर ऐन चढावर गाडी दगा द्यायची. गाडीवाल्या बाई गाव सोडून गेल्या होत्या. त्याने महिनाभर शोध घेतला, मग गिअरबॉक्सला हात लावणंच सोडलं. डोळे गेले म्हणून सांगायचा. डोळे ठणठणीत होते, अवसान गळालं होतं.

लेकीने झडपांचा ठोकळा टेबलावर घेतला. नागमोडी खाचांतून चिमट्याने एकेक गोळी उचलत ती मोजू लागली.

"चार... पाच... सहा..."

तो टेबलावर वाकला.

"सात. सगळ्या आहेत, बाबा. एक झडप गाळाने अडकलीये, म्हणून झटके बसतायत."

"पुन्हा मोज."

"सातच. कंपनीच्या आकृतीतही सातच आहेत."

तो स्टुलावर मटकन बसला. काड्यापेटी उघडून त्याने टेबलावर ठेवली.

"मग ही कुणाची? मला वाटलं, या गाडीतून उरली."

लेकीने गोळी मापाला लावली. "यातल्या गोळ्यांपेक्षा पाऊण मिलिमीटर लहान आहे. तुम्ही कधी मापली नाहीत?"

"धीरच झाला नाही गं."

ती गोळी बोटांत फिरवत राहिली आणि एकदम हसली.

"बाबा, तेव्हा माझ्या सायकलचं पुढचं चाक याच टेबलावर खोललं होतंत. त्यातही अशाच गोळ्या असतात. त्यानंतर ते जन्मभर कुरकुरलं. मी सांगायचे, तर म्हणायचात, आधी नीट चालवायला शीक."

त्यालाही हसू फुटलं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. इतकं हलकं त्याला अकरा वर्षांत वाटलं नव्हतं. मग त्याने हात स्वच्छ पुसले आणि लेकीच्या हातातला चिमटा काढून घेतला.

"अहो बाबा, तुम्हाला दिसत नाही ना?"

"सरक तिकडे," तो म्हणाला. "अडकलेली झडप अशी ओढायची नसते."