पंखाची खालची बाजू

दलदलीतली बारकी, तपकिरी स्किपर फुलपाखरं मी सरकारी अहवालासाठी तीन वर्षं मोजत होते. वरून पाहिलं तर सगळी एका आईची लेकरं. खरी ओळख पंखाच्या खालच्या बाजूला, आणि ती पाहायची तर चिखलात गुडघे टेकावे लागतात. मी बांधावरून, उभ्याउभ्याच फोटो काढले आणि लिहिलं: ‘एकच जात. सगळीकडे आढळते.’

चटया विणणारी मावशी तिथली लव्हाळी कापायची. गेल्या वर्षी अहवालाच्या भर बैठकीत ती उठून म्हणाली होती, “दोन आहेत गं. एक गवतात अंडी घालते, एक लव्हाळ्यात. पान गुंडाळून आत अळी निजते. तेवढी पानं मी कापत नाही.”

“मावशी, तुम्ही चटया मोजा,” मी म्हटलं. सगळे हसले. माझ्या त्या नोंदीच्या आधारावर उत्तरेकडचा लव्हाळ्याचा पट्टा मातीनं बुजवला गेला.

काल जुने फोटो लावताना एक पाखरू पंख मिटून बसलेलं सापडलं. पंखाखाली तीन चंदेरी ठिपके. मी नोंदलेल्या जातीला ते नसतात. दक्षिणेकडचा पट्टा बुजवायच्या कागदावर आज संध्याकाळी माझी सही व्हायची होती.

सकाळी मावशीच्या दारात उभी राहिले. मान वर होईना.

“या बाईसाहेब. चटई हवी?”

“मी चुकले, मावशी. दाखवाल मला?”

तिनं माझ्या बुटांकडं पाहिलं. “हे घालून वरचंच दिसायचं.”

बूट काढले. चिखल गार, पोटरीपर्यंत. मावशी लव्हाळी बाजूला सारत गुणगुणत होती:

वरून माती, खालून मोती,
गवतात थोरली, लव्हाळ्यात धाकटी.

पात्याला एक पाखरू बिलगलेलं होतं. मी वाकले, गाल चिखलाला टेकला. एक, दोन, तीन ठिपके.

“चटईचंही असंच,” मावशी म्हणाली. “वाकल्याशिवाय वीण दिसत नाही.”

तिथूनच कार्यालयातल्या साहेबांना फोन लावला.

“म्हणजे आपलाच अहवाल खोटा पाडताय? लेखी देणार?”

“लेखी देते.”

“मग दक्षिणेचं काम थांबवावं लागेल.”

मांडीवर कागद ठेवून लिहिलं: ‘दोन जाती. माझी आधीची नोंद चुकीची.’ ओळख पटवणाऱ्याच्या रकान्यात मावशीचं नाव घातलं. तिला वाचून दाखवलं. ती विळ्याचा चिखल पुसत राहिली.

“उत्तरेकडं अशी गुंडाळलेली पानं किती होती, मावशी?”

“मोजली नव्हती गं,” ती म्हणाली. “नुसती कापली नव्हती.”