चालू व्हायले टाइम हाय

मोहसीननं आवाजांची यादी तिसऱ्यांदा वरून खालपर्यंत सरकवली आणि माऊसवरचा हात काढून घेतला.

“भाभी, यात थे नाईच हाय.”

“नाई म्हंजे? नीट पाह्य ना.”

“पाह्यलं. कचऱ्याचा डबा रिकामा केला तर कोणता आवाज यावा, थे बदलवता येते. बॅटरी उतरली तर कोणता, थे बी येते. मशीन चालू होताना जो वाजते, थोच नाई बदलवता येत. ही एक टिक हाय फक्त. ठेवली तर कंपनीचा आवाज वाजते, काढली तर काईच नाई वाजत.”

मलिका खुर्चीची पाठ धरून उभी होती. राजुऱ्याच्या तहसील कचेरीसमोर तिचं टायपिंगचं दुकान. मोहसीन तिचा धाकटा दीर, चंद्रपुरात कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. नवीन मशीन त्यानं त्याच सकाळी एसटीत मांडीवर घेऊन आणलं होतं.

“विंडोज अठ्ठ्याण्णवमध्ये होत होतं,” ती म्हणाली. “एक्सपीमध्ये होत होतं. मग यायनं नवीन काय केलं?”

मोहसीननं यादी पुन्हा वर सरकवली. अशा प्रश्नाचं उत्तर मशीन विकणाऱ्या कोणाकडेच नसतं. त्यांना वरून सांगितलेलं असतं की नवीन ते चांगलं, आणि ते खाली आपल्याला सांगतात.

तिला हवा होता तो आवाज तिच्या नवऱ्याचा. आरिफचा. त्याला जाऊन पाच वर्षं होत आली होती, आणि इतकी वर्षं रोज सकाळी हे दुकान त्याच्याच आवाजानं उघडत होतं.

आरिफ मुळात टाइपरायटर मेकॅनिक. चंद्रपूरपासून सिरोंच्यापर्यंतच्या कचेऱ्यांतले टाइपरायटर त्याच्या हातून गेलेले. ते एकेक करून माळ्यावर चढायला लागले तेव्हा त्यानं रडत बसण्याऐवजी सुटे भाग जमवून एक कॉम्प्युटर बांधला. त्यात विंडोज अठ्ठ्याण्णव टाकलं आणि बायकोला शेजारी बसवून मराठी टायपिंग शिकवलं. मशीन चांगलं होतं, पण चालू व्हायला जीव खायचं. आणि दिवसातून किती वेळा चालू करावं लागायचं ते लोडशेडिंगवर. पलीकडे ऊर्जानगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिवसरात्र धूर ओकतात. कोळसा इथला, राख इथली, धूर इथल्या लोकांच्या छातीत, आणि वीज मुंबईला. राजुऱ्याच्या माणसानं पंखा बंद पडला की पुठ्ठ्यानं वारा घ्यायचा. तर लाइट आली की आरिफ बटण दाबायचा आणि रस्ता ओलांडून पत्रूच्या टपरीवर जायचा. चहा पिऊन परत आला तरी पडद्यावर वाळूचं घड्याळ उभंच.

एक दिवस त्यानं चंद्रपूरहून स्वस्तातला माईक आणला. सुरुवातीला कंपनीची जी धून वाजायची ती काढून तिथं स्वतःचा आवाज भरला. स्पीकरचे दोन डबे शटरजवळ रस्त्याकडे तोंड करून टांगले. दुसऱ्या दिवशी दहा वाजता सगळ्या रस्त्यानं ऐकलं :

“पत्रू, चहा टाक. चालू व्हायले टाइम हाय.”

पत्रू मूळचा जिवतीकडचा गोंड माणूस, हसायलाही काटकसर करणारा. त्या दिवशी तो हसता हसता टपरीच्या बाकावर बसला. तेव्हापासून रिवाजच पडला. आवाज आला की पत्रूनं पातेलं चढवायचं, दोन ग्लास इकडे आणायचे, एक आरिफचा, एक मलिकाचा. बाहेर टेबल मांडून लोकांचे अर्ज लिहिणारे भैयाजी त्या आवाजावर आपला चष्मा पुसायला घ्यायचे. कचेरीतले शिपाई त्यावर आपली घड्याळं लावायचे, कारण कचेरीतलं घड्याळ बंदच असायचं.

कॉम्प्युटरवर मत नसलेला माणूस त्या रस्त्यावर नव्हता. ज्यानं माऊसला हात लावला नाही त्याचं मत सगळ्यांत पक्कं. अठ्ठ्याण्णव निळा पडदा दाखवून बंद पडायचं तेव्हा एक वकील म्हणायचे, याच्या अंगात येते. आरिफ उलटून म्हणायचा, येते पण अंगारा लावला की उतरते ना, तुमी तर पक्षकाराच्या मानेवर बसले की उतरतच नाई. मग विंडोज मिलेनियम आलं. आरिफनं हौसेनं टाकलं आणि पंधरवड्यात काढलं. भैयाजी म्हणाले, अंड्यावरची कोंबडीसुद्धा याच्यापेक्षा लवकर उठते. त्या पंधरवड्यातही आवाज मात्र होता. आरिफनं पहिलं काम तेच केलं होतं.

मग त्याला कावीळ झाली. साधीच आहे, उसाचा रस पाजा, असं म्हणत म्हणत पाणी डोक्यावरून गेलं.

विधवेनं पाळायचे इद्दतीचे महिने घरात काढून मलिकानं दुकानाचं शटर उघडलं त्या दिवशी तिच्या मनात एवढंच होतं की धूळ फार साचली असेल. तिनं फडकं मारलं, बसली, सवयीनं बटण दाबलं. तिला आठवलंच नाही. आठवलं तेव्हा आवाज रस्त्यावर गेला होता.

पत्रूनंही विचार केला नाही. हातानं पातेलं चढवलं, पाणी ओतलं, साखर टाकली. रस्ता ओलांडून तो दुकानाच्या पायरीशी आला तेव्हा कुठं त्याचं लक्ष हातांकडे गेलं. दोन्ही हातांत एकेक ग्लास. तो तिथंच थबकला. पुढे येववेना, मागे जाववेना. मलिका पडद्याकडे पाहत होती, वळत नव्हती. तेवढ्यात भैयाजी टेबलावरून उठले, एक ग्लास काढून घेतला आणि म्हणाले, “दे इकडे. थंडा होऊन राह्यला.”

तेव्हापासून दुसरा ग्लास भैयाजींचा.

यावर कोणी बोललंच नाही असं नाही. मोहल्ल्यातल्या एका शहाण्यानं घरी येऊन सांगितलं की मयताचा आवाज असा चौकात वाजवणं बरं नव्हे. मलिकानं त्याला चहा दिला आणि विचारलं, तुमच्या अब्बांचा फोटो भिंतीवर हाय ना, मग थो काऊन नाई उतरवला? तो पुन्हा आला नाही. टायपिंगला मात्र त्याच्या घरचे कागद येत राहिले.

नंतर एक्सपी आलं. मोहसीन ते टाकायला आला तेव्हा तिनं फक्त एक प्रश्न विचारला, आणि त्यानं दोन मिनिटांत आवाज नवीन घरात बसवून दिला. पडद्यावर हिरवी टेकडी आणि निळं आभाळ आलं. पत्रू चहा द्यायला आला आणि पाहतच राहिला. म्हणाला, हे तर आपलं माणिकगडाकडचं हाय, पावसाळ्यातलं. भैयाजींनी वाकून पाहिलं आणि निकाल दिला की ते शक्य नाही, त्यात एकही सागाचं झाड नाही. हा वाद दोन पावसाळे चालला. एक्सपीबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत होतं. चांगलं हाय, कटकट करत नाई. मलिकाचंही तेच मत होतं, कारण तिचं मोजमापच एक होतं. आवाज येतो ना? मग चांगलं.

या उन्हाळ्यात लाइट गेली, आली, आणि येताना एवढी जोरात आली की मशीनमधून जळका वास आला. बोर्ड गेला. आतली सगळी माहिती मोहसीननं वाचवली, आवाजसुद्धा. पण नवीन मशीन मिळालं ते विंडोजचं नवीन व्हिस्टा घेऊन. त्यावर एक्सपी टाकून दे म्हणून तिनं फोनवरच हट्ट धरला. मशीन इकडे आणण्याआधी मोहसीननं एक अख्खा रविवार त्यात घातला. या बोर्डाला लागणारे ड्रायव्हर, म्हणजे आतले भाग चालवणारे प्रोग्राम, कंपनीनं एक्सपीसाठी काढलेच नव्हते. चित्र हललं तर आवाज गप्प, आवाज आला तर प्रिंटर गप्प. आणि मतदार याद्यांचं टायपिंग पुढच्या आठवड्यात सुरू व्हायचं होतं. ते काम सोडलं तर दुकानच सोडावं लागलं असतं.

“थांबा, एक जुगाड करतो,” मोहसीन म्हणाला.

त्यानं आवाजाची फाइल अशा जागी ठेवली की मशीन सुरू झालं की ती आपोआप उघडावी. बंद करून पुन्हा बटण दाबलं. आधी कंपनीची धून वाजली, चार मऊ सूर, मोठ्या दवाखान्यात लिफ्टचं दार उघडावं तसे. मग पडदा आला. चित्रं आली. मशीननं एकदा विचारलं, तुम्हाला नक्की हेच करायचं आहे का? मोहसीननं हो म्हटलं. सगळं स्थिरस्थावर झालं, घड्याळ दिसायला लागलं, मलिकाचा हात कीबोर्डकडे गेला, आणि तेव्हा एक खिडकी उघडली. तिच्यात रंगीत रेषा नाचायला लागल्या आणि आरिफ बोलला.

“पत्रू, चहा टाक. चालू व्हायले टाइम हाय.”

बाहेरून भैयाजी म्हणाले, “अरे, चालू तर झाला ना थो.”

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. मलिका मात्र खाली बसली. आयुष्यभर वेळेवर आलेला माणूस उशिरा आला होता, आणि सगळ्यांसमोर वेड्यासारखं बोलून गेला होता.

“काढ हे,” ती म्हणाली.

“भाभी, आवाज तर येऊन राह्यला...”

“काढ म्हणते ना.”

मोहसीननं काढलं. थोडा वेळ तो खुर्चीवर गोल फिरत बसला. मग हळूच म्हणाला, “फाइल तर हायच. डेस्कटॉपवर ठेवतो. मनात आलं की डबल क्लिक करा. दिवसातून दहादा ऐका, कोण नाई म्हणते?”

मलिका त्याच्याकडे वळली.

“मोहसीन, मी वाजवला तर थो मी वाजवलेला. मले फोटो नाई पाह्यजे. थो आपला आपण बोलायचा रे. मी फक्त शटर उघडत होती.”

मोहसीननं वायर गुंडाळायला घेतली. भाऊ त्याचाही होता. दुपारच्या गाडीनं तो चंद्रपूरला गेला. जाताना जळलेलं मशीन नेऊ का म्हणून त्यानं विचारलं. तिनं ते टेबलाखालीच राहू दिलं.

आता मला सांगा, कोणाचं काय बिघडत होतं? कुठल्या तरी दूर देशात, गार खोलीत बसून कोणीतरी ठरवलं की चालू होताना सगळ्या जगात एकच धून वाजावी, सगळ्यांना ओळखू यावी. ठरवणाऱ्याला राजुरा माहीत नव्हतं. राजुऱ्यात एका टपरीचं पातेलं कोणाच्या आवाजावर चढतं हे तर नव्हतंच नव्हतं. वापरणाऱ्याला विचारायची पद्धत ना त्यांच्यात, ना आपल्या कचेऱ्यांत. आणि ज्याचं गेलं त्यानं तक्रार करायची तरी कोणत्या खिडकीत?

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मलिकानं शटर उघडलं आणि बटण दाबलं. स्पीकरच्या डब्यांतून चार मऊ सूर रस्त्यावर गेले.

पत्रूनं मान वर केली. इकडे पाहिलं. आणखी काही येईल म्हणून थांबला. मग पुन्हा कपबशा विसळायला लागला. स्टो तसाच थंड. कचेरीच्या पायरीवरचा शिपाई मनगटाकडे पाहून आत गेला, पण घड्याळाला त्यानं हात लावला नाही. भैयाजी टेबल मांडून बसले होते. चष्मा कपाळावर, रुमाल खिशातच. बऱ्याच वेळानं त्यांनी हाक दिली.

“मलिकाबाई, दुकान तर उघडलं. मंग चालू काऊन नाई केला अजून?”

आत मशीन पूर्ण चालू होतं. पडदा उजळला होता. भैयाजींना खरंच वाटत होतं की ते बंद आहे.

मलिका आत वळली. मोहसीननं दाखवलेली ती जागा तिनं शोधून काढली. तिथं एकच टिक होती. कंपनीनं तिला एवढीच मुभा ठेवली होती : आमचा आवाज, नाहीतर कोणाचाच नाही. तिनं टिक काढली. मशीन बंद केलं. पडदा काळा झाल्यावर पुन्हा बटण दाबलं आणि उठून दारात येऊन उभी राहिली. पदर डोक्यावरून सारखा केला. हात समोर बांधले आणि रस्त्यापलीकडे पाहिलं.

मागे मशीनचा पंखा घुमायला लागला. स्पीकर गप्प होते. आरिफ बोलायचा तेवढा वेळ तिनं तसाच जाऊ दिला. मधून कोळशाचा एक ट्रक गेला. तो गेला तेव्हा पत्रू उभा होता, ओला हात कमरेला पुसत, तिच्याकडे पाहत.

त्यानं स्टो पेटवला.

दोन ग्लास घेऊन तो पायरीशी आला. एक तिच्या हातात दिला.

“आज आवाज नाई आला, बाई.”

“आता नाई येत, पत्रूभाऊ.”

त्यानं उरलेला ग्लास दुसऱ्या हातात घेतला. “मंग मले कसं समजन?”

“मी दारात उभी राहीन ना,” मलिका म्हणाली.

पत्रूनं मान हलवली. दुसरा ग्लास त्यानं भैयाजींच्या टेबलावर ठेवला. भैयाजींनी खिशातून रुमाल काढला, चष्मा काढला आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ पुसत राहिले.

आत मशीन कधीचंच तयार झालं होतं. चहा संपेपर्यंत मलिका आत गेली नाही.