आईच्या कानाने पास झालेला आवाज

कारखान्यात त्या आवाजाला सगळे 'आईचा आवाज' म्हणायचे आणि इंजिनियरला ते मनातून फार आवडायचं. वरवर तो "काय तुम्ही लोक" म्हणायचा खरा, पण बरेच दिवस कोणी विषय काढला नाही, तर काहीतरी निमित्त करून स्वतःच काढायचा.

आवाज होता पंपाचा. घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाला नळीतून थेंबथेंब औषध देणारा, जेवणाच्या डब्याएवढा पंप. नळी अडली किंवा औषध संपलं, की आवाज करून घरातल्या माणसाला हाक मारायची, एवढंच त्या आवाजाचं काम. पण तेवढं चुकलं की बाकी सगळं मुसळ केरात. आणि अशा आजाऱ्यापाशी बसणारं माणूस बहुतेक वेळा त्याच्याच वयाचं असतं. नवऱ्यापाशी बायको, नाहीतर बायकोपाशी नवरा. म्हणून म्हाताऱ्या कानांना ऐकू येईल असाच आवाज हवा, हे पहिल्यापासून ठरलेलं होतं.

इंजिनियरला दवाखान्यातल्या यंत्रांच्या केकाटण्याचा राग होता. त्याने एक बारीक, उंच, गोड सूर शोधून काढला आणि त्याच्या प्रेमातच पडला. प्रेमात पडलेल्या माणसाला शहाणपण शिकवायला जाऊ नये, पण चाचणीवाल्या मॅडमचं कामच ते. त्या म्हणाल्या, "फार बारीक वाटतोय. वयस्कर माणसं बोलवून बघू या."

माणसं बोलवायची म्हणजे वेळ जाणार. याला कुठला धीर! वडील गेल्यापासून आई त्याच्याकडेच राहत होती. त्याच संध्याकाळी तो पंप काखोटीला मारून घरी गेला, आईला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं, स्वतः समोर बसला आणि बटण दाबून विचारलं, "ऐकू आला का?"

"आला की," आई म्हणाली.

त्याने आवाज कमी केला. "आता?"

"आता पण आला."

तो आवाज कमी करत गेला, आई मान डोलावत गेली. शेवटी शेवटी तर त्याला स्वतःलाच कान टवकारावे लागले, पण आईचं आपलं "आला, आला." त्याची बायको ओट्यापाशी उभी होती. ती म्हणाली, "अहो, आईंना हल्ली कमी ऐकू येतं." त्यावर हा म्हणाला, "तिला हवं ते बरोबर ऐकू येतं." आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. त्याला हसताना बघून आईही हसली.

दुसऱ्या दिवशी स्वारी हवेतच होती. "आमच्या आईचे कान म्हणजे कान आहेत," असं त्याने सगळ्यांना सांगितलं.

मॅडमनी विचारलं, "मधूनच आवाज न करता विचारलंत का?"

"आवाज न करता काय विचारायचं?"

"तेच. माणूस खरंच ऐकतंय, की आपलं मन राखतंय, ते त्यातून कळतं."

इंजिनियरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "माझी आई खोटं बोलत नाही," तो म्हणाला, तेही अशा सुरात, की मॅडमनी तोंड मिटलं. पुढे कारखान्यातल्या लोकांना आवाज ऐकवला, त्यांचे कान तरणेताठे, त्यांना तो आला. म्हाताऱ्यांच्या वतीने आईचा एकटीचा कौल पुरेसा धरला गेला.

पहिला माल तयार झाला, त्या दिवशी मोठ्या साहेबांनी आईला कारखाना बघायला बोलावलं. साहेब मोठे हौशी. "ज्या कानांनी आवाज पास केला, ते कान आमच्या लोकांना बघू देत," म्हणाले. आई ठेवणीतले कपडे घालून आली. बाहेरच्या खोलीत सगळ्यांना अंगभर पांढरे झगे, डोक्याला टोप्या आणि तोंडाला मास्क चढवले गेले, कारण पंप जुळवायच्या खोलीत कोणाचा श्वाससुद्धा मालावर पडून चालत नाही.

आत गेल्यावर साहेबांनी आईला विचारलं, "यायला त्रास नाही ना झाला?"

"हो, हो, फार स्वच्छ आहे," आई म्हणाली.

साहेब हसले. नळ्या जोडणारी एक बाई पुढे झाली. "आई, चहा घेतलात का?"

"दोघंच. हा आणि ह्याची बहीण."

आता आणखी दोघी-तिघी हसल्या. प्रेमानेच हसल्या, पण इंजिनियरचे कान लाल झाले. ज्या कानांची त्याने दवंडी पिटली होती, त्यांची अशी शोभा! त्याने आईचं कोपर धरून तिला बाजूला घेतलं आणि दबक्या आवाजात झापलं, "अगं, लक्ष कुठे आहे तुझं? नीट ऐकून उत्तर दे ना! काय हसं करून घेतेस सगळ्यांसमोर?"

आईने त्याच्या मास्ककडे बघितलं. मग "हो" म्हणाली. त्यानंतर ती कोणाशी काही बोललीच नाही, नुसती मान हलवत राहिली.

साहेबांनी एक पंप आईच्या पाठीमागच्या टेबलावर ठेवला, सगळ्यांना गप्प राहायची खूण केली आणि बटण दाबलं. सूर निघाला. बारीक, गोड, हवा तसा. नळ्या जोडणारे हात थांबले आणि खोलीतले सगळे डोळे आईकडे वळले. आई छतातल्या दिव्यांकडे बघत होती. सूर वाजतच राहिला. आईने झग्याची सुरकुती सारखी केली आणि पुन्हा दिव्यांकडे बघायला लागली. मॅडमनी इंजिनियरकडे एकदा बघितलं आणि डोळे खाली घातले.

"दमल्या वाटतं आई," साहेब म्हणाले आणि त्यांनी पंप बंद केला. "त्यांना बसवा जरा बाहेर."

इंजिनियरचा जीव भांड्यात पडला. दमली. बरोबर, दमलीच असणार! पण बाहेरच्या खोलीत जाताना त्याने तो पंप उचलून घेतला.

तिथे दोघांनी मास्क काढले. आई बाकावर बसली, हा समोर स्टुलावर. त्याने पंप मांडीवर धरला, अंगठा बटणावर ठेवला आणि बटण न दाबताच विचारलं, "ऐकू आला का?"

"आला की," आई म्हणाली. "छान आला."

त्याने अंगठासुद्धा हलवला नाही. नुसत्या भुवया उंचावल्या.

"आता पण आला."

शरमेने माणूस लाल होतो म्हणतात. हा पांढरा पडला. आई त्याचं तोंड वाचत होती. स्वयंपाकघरातही तेच. ओठ हलले की 'आला', भुवया वर गेल्या की 'आला'. निव्वळ डोळ्यांनी ऐकणारी बाई, तिला आपण कान म्हणून मिरवत होतो आणि मघाशी तोंड झाकून वर झापलंही! त्याला तिथल्या तिथे जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, असं झालं.

"आई, मी बटण दाबलंच नाही," तो खाली मान घालून म्हणाला. तिला अर्थातच कळलं नाही. मग त्याने तोंड वर करून पुन्हा सांगितलं.

झग्याच्या नाड्या सोडणारे तिचे हात थांबले. "मग मी काय म्हणायला हवं होतं?" तिने विचारलं.

"ऐकू येत नाही, हे सांगायचं नाहीस का?"

"सांगितलं होतं ना. तू म्हणालास, टीव्ही बारीक कर, म्हणजे येईल." ती जराशी हसली, याला हसू येत नाही असं बघून गप्प झाली, मग म्हणाली, "दुसऱ्यांदा विचारलं की तू चिडतोस. हो म्हटलं की खूश असतोस. मला कुठे ठाऊक, त्यावर यंत्रं करणार आहेत ते?"

आत साहेब 'दमल्या' म्हणून मोकळे झाले होते. याने तोंड मिटून घेतलं असतं, तर माल उद्या गाडीत चढला असता आणि कोणाला पत्ता लागला नसता. लागला असता तो एखाद्या म्हातारीला, नवऱ्याच्या उशाशी पंप कधीचा ओरडत असताना शांतपणे बसलेलीला. इंजिनियर भित्रा होता, गर्विष्ठ होता, पण इतका हलकट नव्हता. त्याने आईचा हात धरला आणि साहेबांची खोली गाठली. मॅडम तिथेच होत्या.

"साहेब, माल थांबवा. आईला हा आवाज ऐकू येत नाही. कधीच आला नव्हता."

साहेबांचा चेहरा उतरला. "मग पास कसा झाला?"

"मी दर वेळी समोर बसून विचारलं. तिने माझं तोंड बघून उत्तर दिलं. मॅडमनी सांगितलं होतं, मी मानलं नाही."

"मीही हट्ट धरायला हवा होता," मॅडम म्हणाल्या.

साहेबांनी आधी फोन उचलून माल अडवायला सांगितलं, मग इंजिनियरवर तोंड सोडलं. आईला त्यातला एक शब्द ऐकू गेला नव्हता, पण पोराला बोलणी बसताहेत हे कळायला कान कशाला लागतात? ती मध्येच मोठ्याने म्हणाली, "यंत्र चांगलं आहे हो साहेब! माझंच लक्ष नव्हतं. ह्याची काही चूक नाही."

साहेब थांबले. टेबलाला वळसा घालून आले, तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "आई, कधीपासून ऐकू येत नाही?"

तिला प्रश्न कळला. पण उत्तर द्यायच्या आधी तिने मुलाच्या चेहऱ्याकडे बघितलं. कोणतं उत्तर चालेल, हे ती तिथे शोधत होती. इंजिनियरला ते सहन झालं नाही. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.



"झाली बरीच वर्षं," त्याच्या पाठीमागे आई म्हणाली. "ह्याचे वडील होते तेव्हापासून. शेवटी शेवटी ते काहीतरी म्हणाले. माझ्याकडे बघूनच म्हणाले. पण श्वासाचा मास्क लावलेला, ओठ काही दिसेनात. हा जवळच उभा होता. ह्याला विचारायचं होतं, काय म्हणाले म्हणून. म्हटलं, चिडेल."

वडील काय म्हणाले होते, ते इंजिनियरला शब्दन् शब्द आठवत होतं. आईलाही ते आठवत असेल, असंच तो इतकी वर्षं धरून चालला होता.